गाडीत बसून राहिलेला माणूस

फिनिक्स शहराच्या थोडं उत्तरेला, हायवेलगतच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत एक तरुण भिंतीला पाठ टेकून खाली बसला आहे. उजाडायला लागलंय. जमिनीवरून रक्त हळूहळू त्याच्या दिशेने पसरत येतंय. ते रक्त एका बाईचं आहे. आपण न्यू ऑर्लिन्सची असं ती सांगायची, पण तो हेल उसना होता. बाकी सगळं बोलणं-वागणं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचं. आपलं काही भयंकर चुकलं तर नाही ना, असा विचार या तरुणाच्या मनात येतोय.

जेम्स सॅलिस यांची ‘ड्राइव्ह’ ही कादंबरी इथून सुरू होते. ॲरिझोनातल्या एका छोट्या प्रकाशनाने ती २००५ साली काढली. जेमतेम दीडशे पानांची आहे. नायकाला नाव नाही. सगळे त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात, निवेदकही तसंच म्हणतो. दिवसा तो हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी गाड्या उडवतो, आपटतो, दोन चाकांवर चालवतो. रात्री, कुणी ठरवलंच तर, दरोडा घालून बाहेर पडणाऱ्यांना पळवून नेतो. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. कुठून निघायचं, कुठे जायचं, किती वाजता, एवढंच त्याला सांगायचं. दरोड्याचा बेत त्याच्यासमोर बोलायचा नाही, तो हत्यार बाळगणार नाही, कुणाला ओळखणार नाही. तो गाडी चालवणार, बस.

या कादंबरीवर २०११ मध्ये निकोलस विंडिंग रेफ्न यांनी चित्रपट केला, त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. बहुतेकांना पाठीवर विंचू असलेलं जाकीट आणि अबोल नायक आठवतो तो त्या चित्रपटामुळे. चित्रपट देखणा आहे, पण मला पुस्तक जास्त जवळचं वाटतं आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. चित्रपटातला ड्रायव्हर दंतकथेतल्या वीरासारखा दिसतो. पुस्तकातला ड्रायव्हर कामगार आहे.

मी एका ड्रायव्हरची मुलगी आहे, म्हणूनही असेल, पण मला ही कादंबरी सुरुवातीपासून कामाबद्दलची कादंबरी वाटत आली. खून आहेत, माफिया आहे, लुटीचे पैसे आहेत. तरीही सॅलिस पुन्हा पुन्हा वळतात ते या प्रश्नाकडे, की हाताला जे उत्तम येतं त्याचा आणि ते ज्याच्यासाठी वापरलं जातं त्याचा संबंध तोडता येतो का. ड्रायव्हरला वाटतं, येतो. काचेच्या आत मी, काचेच्या बाहेर तुमचा धंदा. पुस्तकभर ती काच तडकत जाते.

हा समज त्याला कुठून मिळाला, तेही सॅलिस दाखवतात आणि मला ती पानं सगळ्यात अस्वस्थ करतात. ड्रायव्हरचा बाप घरफोड्या करायचा. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत अंगाने लहानखुरा होता. न्हाणीघराच्या खिडकीतून, कुत्र्या-मांजरांसाठी दाराला ठेवलेल्या झडपेतून तो सहज आत शिरू शकायचा. बापाच्या दृष्टीने मुलगा म्हणजे एक सोयीचं अवजार होतं. मग मुलगा अचानक वाढला, जवळजवळ एका रात्रीत उंच झाला आणि बापाला त्याचा उपयोग उरला नाही. त्यानंतर स्वतःच्याच शरीरात तो कायमचा परका राहिला. एक दिवस आईने जेवणाच्या टेबलावर सुऱ्या उचलून त्या बापाला संपवलं. मुलगा टूसॉनमधल्या एका जोडप्याकडे वाढला, वयात आल्यावर कुणाला न सांगता गाडी घेऊन निघाला आणि लॉस एंजेलिसला पोचला. टूसॉन, फिनिक्स, लॉस एंजेलिस ही तिन्ही शहरं इंटरस्टेट १० या एकाच महामार्गाने जोडलेली आहेत. त्याचं अख्खं आयुष्य त्या एका रस्त्यावर मावतं.

तिथे शॅनन नावाच्या मुरलेल्या स्टंट-ड्रायव्हरने त्याला हाताशी धरलं. ज्या मुलाचं शरीर लहानपणी दुसऱ्याने वापरलं, त्याला पहिल्यांदा असं काहीतरी सापडलं जे त्याचं स्वतःचं होतं. स्टिअरिंगमागे बसला की परकेपणा जातो. त्यामुळे ‘मी फक्त गाडी चालवतो’ हे त्याचं वाक्य मला कधी मग्रुरीचं वाटलं नाही. मला ते वाक्य हाव नसलेल्या माणसाचं वाटतं. एवढी एक गोष्ट माझी राहू द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा, असं काहीसं.

गुन्ह्याच्या जगात ड्रायव्हर आला तेव्हापासून तो असाच थोडा बाजूला उभा आहे. २१ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसच्या र्‍यू ऑर्देनेर या रस्त्यावर बॉनो टोळीने बँकेच्या माणसाला भर दिवसा लुटलं आणि दलोने-बेलव्हील मोटारीतून पळ काढला. मोटारीतून पळून जाण्याचा हा पहिलाच दरोडा मानतात. पोलीस त्या काळी सायकलवर आणि घोड्यावर होते. मोटार चोरीची होती आणि ज्याच्या नावाने टोळी ओळखली गेली तो ज्यूल बॉनो व्यवसायाने मेकॅनिक होता. पुढे अमेरिकेत दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये ती उठली, तरी कर चुकवून गाळलेली दारू डोंगरांतून शहरात पोचवणं चालूच राहिलं. त्या वाहतुकीतून ड्रायव्हरांची एक पिढीच घडली. साध्या फोर्डचं इंजिन बदलायचं, मागची स्प्रिंग कडक करायची म्हणजे माल भरूनही गाडी मागे दबलेली दिसत नाही, दिवे बंद करून चांदण्यात घाट उतरायचा. नॅसकार ही शर्यतींची संघटना १९४८ साली उभी राहिली तेव्हा तिला मिळालेले अनेक नामांकित ड्रायव्हर या रस्त्यांवरचे होते.

त्यांतला ज्युनियर जॉन्सन मला विशेष लक्षात राहिला आहे. रस्त्यावर पोलिसांना तो कधीच सापडला नाही. १९५६ मध्ये तो पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीवर, म्हणजे पायी असताना. तुरुंगवास भोगून परत शर्यतीत उतरला, नाव कमावलं आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. गाडीत होता तोवर त्याला कुणी हात लावू शकलं नाही. गाडीतून उतरल्यावर मात्र तो इतर चार माणसांसारखाच एक माणूस होता. सॅलिसचा ड्रायव्हर जिथे फसतो तीही अशीच जागा आहे. शेजारी राहणारी इरिना आणि तिचा लहानगा बेनिसिओ यांच्याशी त्याची ओळख वाढते. इरिनाचा नवरा स्टँडर्ड तुरुंगातून सुटून येतो, तर त्याच्याशीही जमतं. मग एका कामाला तो स्टँडर्डसाठी जातो. तिथे मनात माणसं असतात, नुसता रस्ता नसतो. काम बिघडतं, हाती आलेले पैसे भलत्याच लोकांचे निघतात आणि आपण त्या मोटेलच्या खोलीपर्यंत येऊन पोचतो.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. ‘हार्ड-बॉइल्ड’ (शब्दशः कडक उकडलेल्या) म्हणतात तशा कोरड्या, कठोर गुन्हेकथांशी त्यांचा संबंध असता तर तो रात्रीच्या कँटीनपुरता. त्यांच्याबद्दल लिहायचं ते एका वेगळ्याच कारणासाठी. एसटीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे पाटी असायची, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. अण्णांचा स्वभाव त्या पाटीला साजेसाच होता. गाडी निघाली की ते कानांनी गाडी चालवत. गिअर पडताना जरा वेगळा आवाज आला की मान किंचित डावीकडे कलायची, आणि पुढच्या डेपोत मेकॅनिकला सांगायचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार व्हायचं. मी लहान असताना पुढच्या सीटवर बसून ती मान बघत असे.

पण एका बाबतीत ते अजिबात गप्प राहत नसत. तेव्हा स्टँडवर लोक ड्रायव्हर-कंडक्टरकडे काहीबाही सोपवायचे. डबा, पिशवी, चिठ्ठी, कोंबडीची पिल्लंसुद्धा. पलीकडच्या स्टँडवर कुणीतरी घ्यायला यायचं. अण्णा नेत, पैसेही घेत नसत बहुतेक वेळा. अट एकच, बांधलेलं असेल तर सोडून दाखवायचं. एकदा मी गाडीत होते तेव्हा एक माणूस पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. वरून खाली, उभं-आडवं, चिकटपट्टीने गुंडाळलेलं.

“औषधं आहेत ड्रायव्हरसाहेब. भाऊ येईल घ्यायला.”

“सोड.”

“अहो, आता परत कुठे बांधत बसू? तुम्हाला काय करायचंय, तुम्ही फक्त न्यायचंय.”

“नेणार मीच ना? मग सोड.”

तो माणूस थोडा वेळ उभा राहिला, मग खोकं काखेत मारून निघून गेला. खोक्यात औषधंच असतील, बहुधा होतीही. अण्णांनी त्यावर एक शब्दही काढला नाही. कंडक्टरने डबल बेल दिली आणि आम्ही निघालो.

‘ड्राइव्ह’ वाचताना ते खोकं मला सारखं दिसत राहिलं. ड्रायव्हरची अट अशी की मला सांगू नका. अण्णांची अट अशी की सांगितल्याशिवाय नेणार नाही. दोघांनाही आपलं काम स्वच्छ ठेवायचं होतं. एकाने त्यासाठी डोळे मिटले, दुसऱ्याने खोकं उघडायला लावलं. पगारी, घरदार असलेल्या माणसाला ते परवडतं, हेही खरं. ज्या मुलाला बापाने झडपेतून आत ढकललं, त्याला ‘हे काय आहे’ असं विचारण्याची मुभा कुणी कधी दिलीच नव्हती. म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याची अट मात्र मला मान्य होत नाही.

कायद्यालाही ती कधी मान्य झाली नाही. १९२३ साली कलकत्त्यात शांखारीटोला पोस्टात काही तरुण शिरले, पोस्टमास्तर नोटा मोजत होते, पैसे मागितले, गोळ्या सुटल्या आणि पोस्टमास्तर गेले. पकडल्या गेलेल्या बरेंद्रकुमार घोष याचं म्हणणं होतं की मी आत गेलोच नाही, बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलेला होतो. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. लॉर्ड सम्नर यांनी निकालात इंग्रज कवी मिल्टनची ओळ घेतली, नुसते उभे राहून वाट बघणारेही सेवाच करत असतात. मिल्टनने ती ओळ ईश्वराच्या सेवेबद्दल लिहिली होती, डोळे गेलेल्या माणसाच्या वेदनेतून. न्यायालयात ती अंगणात उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध वापरली गेली. भारतीय दंड संहितेचं कलम ३४, समान उद्देशाचं, शिकवताना आजही हा खटला घेतात. आता तेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आहे.

अमेरिकेत तर थेट ड्रायव्हरचाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७५ मध्ये फ्लोरिडात एका शेतघराच्या मागच्या दाराशी दोघं जण गेले. गाडी तापलीय, थोडं पाणी द्या, असं त्यांनी सांगितलं. घरातले वृद्ध पती-पत्नी मारले गेले. अर्ल एन्मंड रस्त्याकडेला गाडीत बसून होता. त्याला मृत्युदंड झाला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. ज्याने मारलं नाही, मारायचा प्रयत्न केला नाही, मारलं जावं असा ज्याचा हेतूही नव्हता, त्याचा जीव घेता येणार नाही, असं बहुमताचं म्हणणं. पाचच वर्षांनी ॲरिझोनाच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ही रेषा सरकवली. गुन्ह्यात मोठा वाटा असेल आणि माणसांच्या जिवाची पर्वाच केली नसेल, तर मारण्याचा हेतू नसतानाही मृत्युदंड चालू शकतो. गाडीत बसलेल्या माणसाचं नेमकं काय करायचं, हे न्यायमूर्तींनाही सहजासहजी ठरवता आलेलं नाही. मला यात त्यांचा दुबळेपणा दिसत नाही. प्रश्नच तसा अवघड आहे. पाणी मागायला गेलेल्या दोघांपेक्षा एन्मंड कमी दोषी होता, हे मला पटतं. तो निर्दोष होता, हे पटत नाही.

सॅलिस हा प्रश्न कोर्टात नेत नाहीत. त्यांच्या पुस्तकात पोलीस जवळजवळ नाहीतच. ते ज्या हार्ड-बॉइल्ड परंपरेत लिहितात तिथे न्याय बाहेरून येत नाही. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅक मास्क’ या अमेरिकी मासिकातून ही परंपरा उभी राहिली. त्यातले लेखक डॅशिएल हॅमेट पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरी करून आलेले, त्यामुळे त्यांच्या कथांमध्ये गुप्तहेर कामावर जातो, पाय दुखेपर्यंत पाळत ठेवतो, वरिष्ठाला अहवाल देतो. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या आम्हा मराठी वाचकांना हे जरा नवलाचं होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आमच्या शेजारच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं हाताळून हाताळून मऊ झालेली असत, मीही ती अधाशासारखी वाचली. पण त्यांतला नायक उद्या सकाळी कामावर जाईल का, भाडं भरेल का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. हॅमेट वाचताना तो आपोआप पडतो.

पन्नासच्या दशकात अमेरिकेत थेट पेपरबॅकमध्येच निघणाऱ्या पंचवीस सेंटांच्या कादंबऱ्यांची लाट आली. बस स्टँडवर, औषधांच्या दुकानात फिरत्या स्टँडवर लावलेल्या. जिम थॉम्प्सन, डेव्हिड गुडिस अशांनी तिथे हारलेल्या माणसांबद्दल लिहिलं. चेस्टर हाइम्स यांनी तर ओहायोच्या तुरुंगात सशस्त्र दरोड्याची शिक्षा भोगता भोगता लिहायला सुरुवात केली होती. सॅलिस यांनी या तिघांवर १९९३ मध्ये ‘डिफिकल्ट लाइव्हज’ हे पुस्तक लिहिलं, पुढे हाइम्स यांचं स्वतंत्र चरित्रही लिहिलं. ‘ड्राइव्ह’ त्यांनी एड मॅकबेन, डोनाल्ड वेस्टलेक आणि लॉरेन्स ब्लॉक या तीन गुन्हेकथाकारांना अर्पण केली आहे. दीडशे पानांत आटोपण्याची शिस्त त्यांच्याकडे तिथूनच आली असावी. स्वतः सॅलिस रुग्णालयात श्वसनोपचार तज्ज्ञ म्हणून काम केलेले आहेत. व्हेंटिलेटरवरच्या माणसांजवळ उभं राहिलेल्या लेखकाला मृत्यूचं वर्णन वाढवून करावंसं वाटत नाही, असं मला त्यांची पानं वाचताना वाटतं. खून एका-दोन वाक्यांत होतो. त्यानंतर खोलीत काय ऐकू येतं, बाहेर रहदारी कशी चालू राहते, यावर ते थोडं जास्त थांबतात.

गोष्ट सरळ सांगितलेली नाही. मोटेलपासून मागे, मग पुढे, मग लहानपणात, मग परत लॉस एंजेलिसमध्ये. पहिल्या वाचनात मला याचा त्रास झाला, कोण कधी मेलं हे मागची पानं चाळून बघावं लागलं. दुसऱ्यांदा वाचताना ते बरोबर वाटलं. जो माणूस आपल्याला सांगितलेल्या तुकड्यांवरच जगत आला, कुठून निघायचं आणि कुठे जायचं एवढंच ज्याला माहीत असायचं, त्याची गोष्ट अशीच तुकड्यांनी कळायला हवी.

पुस्तकात त्याला दोन-चार मित्र आहेत, आणि चित्रपटात हरवलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॅनी नावाचा पटकथालेखक आहे, पैशासाठी वाट्टेल ते लिहितो आणि दारू पिता पिता चांगलं बोलतो. तोही एका परीने ड्रायव्हरच आहे. डायरेक्टर सांगेल तिकडे पटकथा नेऊन सोडतो. डॉक आहे, गोळी लागलेल्यांवर चोरून उपचार करणारा. यांच्यापैकी कुणीही आपलं काम आणि त्या कामाचा उपयोग यांचा हिशेब मांडायला तयार नाही. एकमेकांशी ते इतक्या मायेने वागतात की वाचताना त्यांना हिशेब विचारायचा धीर आपल्यालाही होत नाही.

आणि बर्नी रोज आहे. त्याच्यावर ड्रायव्हरला संपवण्याची जबाबदारी येते. वयस्क, थकलेला, आपल्या धंद्यात पारंगत. शेवटाकडे दोघं भेटतात, बसून जेवतात, बोलतात. त्या जेवणात धमक्या नाहीत. दोन जुने कारागीर भेटावेत तसं काहीसं बोलणं आहे, फक्त जेवणानंतर काय होणार हे दोघांनाही ठाऊक आहे. उठल्यावर त्यांच्यातला एकच जिवंत परततो. शेवटच्या परिच्छेदात सॅलिस सांगून टाकतात की ड्रायव्हर पुढे बरीच वर्षं जगला, त्याच्या हातून आणखी माणसं मेली, मॅनीने त्याच्या आयुष्यावर चित्रपट केला आणि एका पहाटे तीन वाजता मेक्सिकोच्या टिहुआना शहरातल्या बारमध्ये तोही गेला. त्या सगळ्या मेलेल्यांमध्ये त्याने शोक केला तो फक्त बर्नी रोजचा.

मला आधी हे खटकलं होतं. इरिनाचा नाही, स्टँडर्डचा नाही, मोटेलमधल्या त्या बाईचाही नाही, आणि मारेकऱ्याचा शोक? पण तिथेच सॅलिस आपल्या नायकाबद्दल सगळ्यात खरं बोलतात, असं आता वाटतं. बर्नी हा एकटाच असा माणूस होता ज्याच्यासमोर ड्रायव्हरला आपण फक्त गाडी चालवतो असं म्हणायची सोय नव्हती. बर्नीही स्वतःबद्दल तसं काही म्हणत नव्हता. आपण काय करतो, कुणासाठी करतो, त्यात कोण मरतं, हे त्याने कधी झाकलं नाही. ड्रायव्हरने एवढ्या वर्षांत जे बघायचं टाळलं होतं ते टेबलापलीकडे बसून जेवत होतं, आणि त्याला ते आवडलं होतं.

२०१२ मध्ये या कादंबरीचा पुढचा भाग ‘ड्रिव्हन’ आला. तो वाचायचा तर वाचा, पण मध्ये काही दिवस जाऊ द्या. त्या जेवणाचा प्रसंग एकदा परत वाचा. बर्नी काय काय विचारतो आणि ड्रायव्हर त्यातल्या किती प्रश्नांना खरं उत्तर देतो, तेवढंच बघा.